न आवडलेल्या पुस्तकाचे परीक्षण

आवडलेल्या पुस्तकाविषयी लिहिणे फारसे अवघड नसते. आनंद स्वतःची भाषा सोबत घेऊनच येतो. परीक्षकाची खरी कसोटी लागते ती पुस्तक आवडले नाही म्हणजे. आपल्या समाजातील नियतकालिकांची पाने चाळली, तर अशा वेळी परीक्षक बहुधा दोनच वाटा धरताना दिसतो. एक तर तो मुखपृष्ठ 'बोलके' असल्याचे सांगतो, लेखकाच्या 'स्तुत्य प्रयत्ना'चे कौतुक करतो, मुद्रणदोषांचा ओझरता उल्लेख करतो आणि 'पुढील काळात अधिक अपेक्षा आहेत' असे म्हणून सुटका करून घेतो. नाही तर तो मौन पाळतो. पुस्तक का आवडले नाही हे सांगण्याची तिसरी वाट मात्र ओस पडली आहे. त्या वाटेने कसे चालावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

नावडीचे एक जगप्रसिद्ध उदाहरण लिओ टॉलस्टॉय यांचे आहे. १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रदीर्घ निबंधात त्यांनी शेक्सपिअरचे मोठेपण साफ नाकारले. हे मत त्यांनी घाईने बनविले नव्हते. सुमारे ५० वर्षांच्या अवधीत रशियन, इंग्रजी आणि जर्मन अशा तीन भाषांतून त्यांनी शेक्सपिअर पुनःपुन्हा वाचला होता. वयाच्या पंचाहत्तरीत सारी नाटके नव्याने वाचून काढली होती. प्रत्येक वेळी पदरी आला तो कंटाळा आणि तिटकारा. नापसंती नोंदविण्यापूर्वी एवढे कष्ट घेणारा वाचक विरळाच. त्या कष्टांपुढे आम्ही नतमस्तक होतो.

तथापि निबंध पुढे सरकतो तसा तोल जाऊ लागतो. टॉलस्टॉय 'किंग लिअर'चे कथानक क्रमाने सांगतात. पण ते अशा रीतीने की त्यातील काव्य निथळून जाते आणि असंभाव्य घटनांचा सांगाडा तेवढा हाती उरतो. कोणतेही नाटक असे सांगितले तर हास्यास्पदच ठरेल. मग जगाला शेक्सपिअर का आवडतो? ती एक साथ आहे, असे त्यांचे उत्तर. म्हणजे ज्यांना पुस्तक आवडले, ते सारे आजारी ठरले!

१९४७ साली जॉर्ज ऑर्वेल यांनी या निबंधाला उत्तर दिले. कलाकृती चांगली की वाईट हे तर्काने सिद्ध करता येत नाही, काळाच्या ओघात तिचे टिकणे हीच कसोटी, असे त्यांनी म्हटले. शिवाय एका मार्मिक गोष्टीकडे लक्ष वेधले. राज्याचा त्याग करून सुख शोधणारा आणि अखेर उघड्यावर पडणारा लिअर हा टॉलस्टॉय यांच्याशी फार मिळताजुळता होता. टॉलस्टॉय यांनीही मालमत्तेचा आणि लेखनाच्या हक्कांचा त्याग केला. १९१० साली ते घर सोडून निघाले आणि अस्तापोवो या आडवळणाच्या रेल्वे स्थानकावर त्यांचा अंत झाला. नावड ही पुस्तकाविषयी सांगते तशी वाचकाविषयीही सांगते. म्हणून परीक्षकाने लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःला विचारावे: मला टोचले ते पुस्तकाचे वैगुण्य की माझीच एखादी जखम?

आमच्या मते येथे तीन विधाने वेगवेगळी ठेवली पाहिजेत. 'मला पुस्तक आवडले नाही' हे पहिले. 'पुस्तक सदोष आहे' हे दुसरे. 'इतरांनीही ते वाचू नये' हे तिसरे. पहिल्याला प्रामाणिकपणा पुरतो. दुसऱ्याला पुरावा लागतो. तिसऱ्याला अधिकार लागतो, आणि तो फारच थोड्यांपाशी असतो. बा. सी. मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या 'काही कविता' या संग्रहाबाबत नावडीने पहिल्या विधानावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली. अश्लीलतेच्या आरोपावरून कवीला न्यायालयात उभे राहावे लागले. ते निर्दोष सुटले आणि तो संग्रह मराठी नवकाव्याचा मानबिंदू ठरला. आम्हा कॅथलिकांना तर हे वेगळे सांगायला नको. १५५९ साली निघालेली निषिद्ध ग्रंथांची सूची १९६६ साली आपल्या चर्चनेच मोडीत काढली.

हल्ली पाचपैकी अमुक तारे देऊन पुस्तकाचा निकाल लावण्याची रीत रूढ झाली आहे. तिची अडचण हीच की एका आकड्यात ही तिन्ही विधाने कालवली जातात. दोन तारे पाहून लेखकाला कळत नाही की भाषा खटकली, विषय रुचला नाही, की वाचकाचा तो दिवसच वाईट गेला.

मौनाच्या बाजूनेही थोर साक्षी आहेत. वाईट पुस्तकांवर हल्ले चढविणे परीक्षकाच्याच स्वभावाला घातक असते, असे कवी ऑडन यांचे मत होते. ऑर्वेल यांनीही १९४६ साली सुचविले होते, की बहुसंख्य पुस्तकांकडे सरळ दुर्लक्ष करावे आणि मोजक्यांविषयी सविस्तर लिहावे. ज्या भाषेत पुस्तकांचा पूर येतो, तेथे हा सल्ला शहाणपणाचा आहे. पण लहान समाजातील होतकरू लेखक पदरमोड करून पहिले पुस्तक काढतो, प्रकाशनाला पुष्पगुच्छ स्वीकारतो आणि नंतर वाट पाहत बसतो. त्याच्या बाबतीत मौन आणि उपेक्षा यांत फरक तो काय? खोट्या स्तुतीने तर त्याचे अधिकच नुकसान होते, कारण दुसऱ्या पुस्तकातही तो तेच दोष निष्ठेने जपतो.

मग लिहावे कसे? सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा' अभ्यासताना एक शिस्त आमच्या अंगवळणी पडली. तेथे प्रत्येक प्रश्नात आधी विरुद्ध पक्षाचे आक्षेप मांडलेले असतात, मग स्वतःचे उत्तर येते आणि शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन होते. परीक्षणालाही हा क्रम शोभेल. लेखकाला काय साधायचे होते, हे आधी त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत सांगावे. जे साधले ते निःसंकोच नोंदवावे. मगच जे फसले ते स्थळ दाखवून सांगावे. 'कादंबरी कंटाळवाणी आहे' या वाक्याचा लेखकाला काडीइतका उपयोग नाही. 'चौथ्या प्रकरणापासून सारी पात्रे लेखकाच्याच भाषेत बोलू लागतात आणि आईच्या तोंडी प्रवचन येते' हे वाक्य त्याला रात्रभर झोपू देणार नाही कदाचित. पण सकाळी उठून तो ते प्रकरण उघडून पाहील.