राखीव सर्व्हर मोजायचे की तपासायचे? ‘ऑटोस्केल’ पेपर वाचताना



पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने परवा विचारलं, “ताई, पेपरचा क्रिटिकल रिव्ह्यू करायचा म्हणजे त्यातल्या चुका काढायच्या का?” चुका सापडल्या तर काढायच्याच. पण चांगल्या पेपरमध्ये चुका फारशा नसतात, गृहीतकं असतात. ती शोधायची आणि आपल्या प्रश्नाला लागू पडतात का ते बघायचं. आज एक पेपर घेऊन हे करून बघूया. विषय माझ्याच कामाचा आहे: क्लाउडमध्ये भार वाढला की आपोआप वाढणारे आणि कमी झाला की घटणारे सर्व्हरचे गट, आणि त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेले राखीव सर्व्हर.

आधी शब्द नीट करून घेऊ

आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे हे समजायला आपल्याला सोपं जाईल. पाणी संपल्यावर टँकरला फोन केला, तर तो येईपर्यंत थांबावं लागतं. हा नवा सर्व्हर शून्यापासून सुरू करणं. गच्चीवर भरून झाकून ठेवलेला ड्रम म्हणजे आधीच तयार करून ठेवलेला सर्व्हर. आणि गळतोय म्हणून बाजूला काढलेला ड्रम? तो घरचाच असतो, पण त्याचं पाणी आपण हिशोबात धरत नाही.

ॲमेझॉनच्या ईसी-टू ऑटो स्केलिंगमध्ये या दुसऱ्या आणि तिसऱ्या ड्रमला वेगळी नावं आहेत, आणि विद्यार्थी तिथेच गोंधळतात. ‘स्टँडबाय’ ही गळक्या ड्रमची अवस्था आहे. सर्व्हर गटातच राहतो, पण लोड बॅलन्सर त्याच्याकडे काम पाठवत नाही. तेवढ्यात आपण दुरुस्ती करायची आणि त्याला परत आत घ्यायचं. या काळात गट त्याची हेल्थ चेकही करत नाही, बिल मात्र चालूच राहतं. भरलेला ड्रम म्हणजे ‘वॉर्म पूल’, ही सोय एप्रिल २०२१ मध्ये आली. त्यात सर्व्हर एकदा पूर्ण तयार करून बंद ठेवता येतो. बंद असताना मुख्यतः डिस्कचे पैसे लागतात, मशीनचे नाही.

स्टँडबायमध्ये एक बारीक खोच आहे. सर्व्हर बाजूला काढताना अपेक्षित संख्या एकने कमी करायची की नाही, हे आपण सांगायचं असतं. कमी करू नको म्हटलं, तर गट लगेच बदली सर्व्हर सुरू करतो. नंतर दुरुस्त झालेला सर्व्हर परत आला की संख्या एकने वाढते आणि एक सर्व्हर जास्तीचा होतो. कमी कर म्हटलं आणि गट आधीच किमान संख्येवर असेल, तर ते करताच येत नाही. आधी किमान संख्या खाली आणावी लागते. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास विचारण्यासारखा आहे.

पेपर काय म्हणतो

अंशुल गांधी, मोर हारकोल-बाल्टर आणि सहकाऱ्यांचा ‘ऑटोस्केल’ हा पेपर २०१२ मध्ये एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये आला. मला तो आवडतो, कारण तो एक अवघड गोष्ट लपवत नाही: सर्व्हर सुरू व्हायला वेळ लागतो. त्यांच्या प्रयोगात हा वेळ २६० सेकंद होता. सव्वाचार मिनिटांहून जास्त! तुम्ही वाचाल त्यातल्या कितीतरी सिम्युलेशनमध्ये ही जागा शून्य असते.

त्यांच्या प्रयोगातला रिकामा सर्व्हरही पूर्ण कामाच्या निम्म्याहून जास्त वीज खात होता, म्हणून तो बंद करावासा वाटतो. पण बंद केला आणि दुसऱ्याच मिनिटाला भार आला, तर २६० सेकंद गेले. लेखकांचा उपाय साधा आहे. पुढचा भार किती येईल याचं भाकीत करत बसायचं नाही. सर्व्हर रिकामा झाला की लगेच बंद न करता १२० सेकंद थांबायचं. काम कमीत कमी सर्व्हरवर दाटीने भरायचं, म्हणजे उरलेले आपोआप रिकामे राहतात. आणि दर सेकंदाला किती विनंत्या येतात हे न बघता आत किती विनंत्या अडकल्या आहेत ते बघायचं. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. विनंत्या तेवढ्याच असतील पण सर्व्हर मंदावला असेल, तर येण्याचा वेग बघून काहीच कळत नाही. अडकलेल्यांची रांग बघितली की लगेच कळतं.

हे सगळं त्यांनी ३८ सर्व्हरच्या खऱ्या मांडणीवर करून बघितलं. भाराच्या नोंदीही खऱ्या घेतल्या. त्यात १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या संकेतस्थळाची नोंदही आहे.

आता गृहीतकांकडे वळू. त्यासाठी भार आपल्या राज्यातला घेऊ.

दहावीचा निकाल

१६ जुलै २०२१, दुपारी १ वाजता. कोरोनामुळे परीक्षा झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला होता. सुमारे १६ लाख विद्यार्थी, आणि निकालाची संकेतस्थळं काही तास उघडेचनात. तेव्हाच्या शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी चौकशीचे आदेश दिले. त्या संकेतस्थळांमागची मांडणी हा आजचा विषय नाही. मला फक्त भाराचा आकार घ्यायचा आहे. १२ वाजून ५९ मिनिटांनी जवळजवळ काही नाही, आणि एक वाजता भिंत.

वहीत हिशोब करू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही बदलून बघा. निम्मे विद्यार्थी, म्हणजे ८ लाख, पहिल्या दहा मिनिटांत आले आणि प्रत्येकाने पान तीनदा उघडलं. २४ लाख विनंत्या भागिले ६०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ४,०००. समजा चालू सर्व्हर १० आहेत आणि प्रत्येक जण सेकंदाला १०० विनंत्या हाताळतो. क्षमता १,०००, तुटवडा ३,०००. नवे सर्व्हर २६० सेकंदांनी आले, तर तोपर्यंत ७ लाख ८० हजार विनंत्या तुंबल्या.

गृहीतक पहिलं: भार चिडत नाही

नोंदवून ठेवलेला भार पुन्हा चालवला, तर तो जसा होता तसाच येतो. निकालाचं पान उघडलं नाही तर दहावीतली मुलगी काय करते? रिफ्रेश. मग वडिलांच्या मोबाइलवर, मग मामाला फोन करून त्यांच्याकडे. उशीर झाला की भार वाढतो, भार वाढला की आणखी उशीर. वरचे ७ लाख ८० हजार हा म्हणूनच कमीत कमी आकडा आहे. अडकलेल्या विनंत्या मोजायचा पेपरमधला मार्ग इथेही योग्यच ठरतो, पण तो धोका घडल्यावर ओळखतो. १२० सेकंद थांबण्याचा नियम तर इथे उपयोगीच नाही, कारण एक वाजायच्या आधी थांबवून ठेवायला सर्व्हर चालू होतेच कुठे?

आणि गंमत बघा, इथे भाकिताची गरजच नाही. निकालाची तारीख आणि वेळ जाहीर झालेली असते. ठरलेल्या वेळी संख्या वाढवायची सोय क्लाउडमध्ये असते. हॉटस्टारचं उदाहरण बघा. जुलै २०१९ मधल्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याला एकाच वेळी २.५३ कोटी प्रेक्षक होते. त्यांच्या अभियंत्यांनी नंतर सांगितलं की ते तयार ऑटो स्केलिंगवर विसंबले नाहीत. प्रेक्षकसंख्येच्या पायऱ्या ठरवून सर्व्हर आधीच वाढवून ठेवले. धोनी बाद झाल्यावर लोक सामना सोडून मागे गेले आणि सगळा भार होम पेजवर आला, हेही त्यांनी सांगितलंय. म्हणजे राखीव साठा किती, याच्या इतकंच तो कोणत्या सेवेसाठी आहे हेही ठरवावं लागतं.

गृहीतक दुसरं: डेटाचा थर उभाच आहे

पेपरच्या शीर्षकात अनेक थरांचा उल्लेख आहे, पण चालू-बंद होतो तो फक्त ॲप्लिकेशन सर्व्हरचा थर. मेमकॅश आणि डेटाबेस कायम चालू ठेवलेत. लेखकांनी हे मोकळेपणाने लिहिलंय, त्यामुळे ही त्यांची चूक नाही. पण आपण वाचताना विसरतो. गच्चीवर पन्नास ड्रम ठेवले, तरी भरणारी पाइपलाइन एकच असेल तर? चाळीस राखीव सर्व्हर एकदम जागे होऊन एकाच डेटाबेसकडे धावले, तर त्याचाच जीव जाईल.

आणखी एक हिशोब. एका विद्यार्थ्याचा निकाल २ केबी धरला, तर १६ लाख निकाल साधारण ३.२ जीबीत बसतात. साध्या लॅपटॉपच्या मेमरीत मावतील एवढे! शिवाय निकाल लागल्यावर त्या दुपारी तो बदलत नाही. मग दर वेळी डेटाबेसला विचारायचं कशाला? कधी कधी ‘किती राखीव सर्व्हर लागतील’ हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला असतो. मला हे समजायला दोन वर्षं लागली.

गृहीतक तिसरं: जागा झाला म्हणजे तयार झाला

हे माझ्या स्वतःच्या चुकीतून सांगते. माझ्या पहिल्या सिम्युलेशनमध्ये राखीव सर्व्हरला लागणारा वेळ मी एक ठरावीक छोटा आकडा धरला होता. आलेख इतके सुंदर आले की मी पेपर लिहायलाच बसले. गाइडनी एवढंच विचारलं, “त्या झोपलेल्या सर्व्हरमध्ये कोडची कोणती आवृत्ती आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग फेलोशिपच्या पैशातून खऱ्या क्लाउडवर छोटा गट उभा केला आणि तीन सर्व्हर तयार करून बंद ठेवले. मध्ये काही आठवडे गेले. त्या काळात मीच डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. भार टाकला, तिन्ही सर्व्हर लगेच जागे झाले, पण डेटाबेसला जोडले जाईनात. हेल्थ चेकमध्ये नापास झाले, गटाने त्यांना काढून टाकलं आणि नवे सर्व्हर शून्यापासून सुरू केले. म्हणजे साठा असूनही मी टँकरचीच वाट बघत बसले, वर राखीव सर्व्हरच्या डिस्कचे पैसे भरले ते वेगळेच. कागदावर माझा राखीव साठा ३ होता. खरा साठा ० होता.

‘ऑटोस्केल’मध्ये २६० सेकंद हा एकच आकडा आहे. २०१२ मध्ये तेवढं मान्य करणंही पुढचं पाऊल होतं. पण राखीव सर्व्हरवर आज काम करायचं, तर त्या आकड्याच्या जागी दोन गोष्टी मोजाव्या लागतील: तो किती सेकंदांत पहिली विनंती खरोखर पूर्ण करतो, आणि दहा वेळा जागा केला तर किती वेळा करतो. दुसरी गोष्ट मला वाचलेल्या पेपरांत फार क्वचित दिसली. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण आता तिच्यावरच आहे: अधूनमधून एखादा राखीव सर्व्हर उठवून, थोडं खरं काम देऊन, परत झोपवायचा. याला खर्च येतो. तो किती असावा, हा माझा प्रश्न.

तर क्रिटिकल रिव्ह्यू म्हणजे काय

हा पेपर मी कुणालाही वाचायला सांगेन. भाकितापेक्षा सावधपणे सोडणं, आणि वेगापेक्षा रांग बघणं, या दोन्ही गोष्टी आजही टिकून आहेत. हळूहळू चढणाऱ्या भारासाठी मी त्यांचीच पद्धत वापरेन. निकालाच्या दिवसासाठी वापरणार नाही, आणि का नाही ते आता तुम्हीही सांगू शकाल.

तुमच्या विषयातला पेपर घ्या. त्यात ठरावीक म्हणून धरलेला एक आकडा शोधा. तो आकडा तुमच्या आसपासच्या एखाद्या खऱ्या दिवशी काय झाला असता, हे वहीत काढा. लॅब नको, पैसे नकोत, एक संध्याकाळ पुरते. मुलाखतीत “तुमचा रिसर्च गॅप काय?” असं विचारलं, तर ते पान समोर ठेवा.