पर्यवेक्षणातील अनुपस्थित तिसरा : सर्जनशील व सहयोगी पद्धतींची एक चिकित्सा

प्रस्तावना

‘पर्यवेक्षक’ हा शब्द ऐकताच महाविद्यालयीन अध्यापकाच्या मनात परीक्षागृह उभे राहते. बाकांच्या रांगांमधून फिरणारा, उत्तरपत्रिकेवर सही करणारा, कॉपीवर नजर ठेवणारा तो पर्यवेक्षक. समुपदेशनाच्या क्षेत्रातील ‘सुपरव्हिजन’ या संज्ञेलाही मराठीत आपण हाच प्रतिशब्द वापरतो आणि त्यामुळे संकल्पनेच्या उंबरठ्यावरच गैरसमज निर्माण होतो. येथे अभिप्रेत असलेले पर्यवेक्षण वेगळे आहे. इतरांची दुःखे ऐकण्याचे काम करणाऱ्या व्यक्तीने ठरावीक काळाने एखाद्या अनुभवी सहकाऱ्यासमोर बसून स्वतःच्या कामाकडे पुन्हा एकदा पाहावे, अशी ही व्यवस्था आहे. ब्रिटनमधील समुपदेशकांच्या व्यावसायिक संघटनेने आपल्या अधिस्वीकृत सभासदांसाठी दरमहा किमान दीड तासाचे पर्यवेक्षण आवश्यक मानले आहे. ख्रिस्ती पाळक, रुग्णालयांत व तुरुंगांत सेवा करणारे चॅपलेन यांच्यासाठी हीच व्यवस्था ‘पाळकीय पर्यवेक्षण’ या नावाने विकसित झाली. जेन लीच आणि मायकेल पॅटरसन यांची या विषयावरील हस्तपुस्तिका २०१० मध्ये प्रसिद्ध झाली.

ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात पर्यवेक्षणाची तीन कार्ये सांगितली : कामाचा दर्जा व नीती राखणे, समुपदेशकाची जडणघडण करणे आणि त्याला विसावा देणे. ही विभागणी आजही सर्वत्र उद्धृत होते. तथापि पहिले आणि तिसरे कार्य एकाच व्यक्तीने एकाच खोलीत कसे पार पाडावे, हा प्रश्न या सुटसुटीत मांडणीत झाकला जातो. जो आपला दर्जा तपासणार आहे त्याच्यासमोर आपली दुर्बलता कोण उघड करील? गेल्या काही दशकांत पुढे आलेल्या ‘सर्जनशील’ आणि ‘सहयोगी’ पद्धती या अडचणीवरचे उत्तर म्हणून सादर केल्या जातात. ते उत्तर कितपत खरे आहे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही तपासणी मानसशास्त्राच्या अंगाने न करता मुख्यतः साहित्यसमीक्षेच्या अंगाने केली आहे. पर्यवेक्षणाची सामग्री अखेर कथनच असल्यामुळे हा मार्ग अप्रस्तुत ठरू नये.

शब्दशः नोंद : एक अनोळखी साहित्यप्रकार

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर येथील शासकीय मनोरुग्णालयात अँटन बॉयसन यांनी १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रशिक्षणवर्ग सुरू केला. हे विद्यार्थी दिवसा रुग्णकक्षांत परिचराचे काम करीत. बॉयसन स्वतः १९२० मध्ये तीव्र मनोविकाराने आजारी होऊन रुग्णालयात राहिलेले होते. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने ग्रंथांप्रमाणेच ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ वाचण्यास शिकले पाहिजे, ही त्यांची भूमिका. माणूस हाच दस्तऐवज, ही कल्पना उदात्त आहे यात शंका नाही. परंतु दस्तऐवज म्हटला की वाचणारा कोण, हा प्रश्न ओघानेच येतो. १९३० मध्ये बॉयसन पुन्हा आजारी पडले आणि त्यांचे सहकारी व आश्रयदाते डॉ. रिचर्ड कॅबट यांनी त्यांना अध्यापनापासून दूर केले. मनोविकाराचे मूळ शारीरिक असते असे कॅबट मानीत, तर बॉयसन त्यात आत्मिक संघर्षाचा अर्थ शोधीत. ज्याने वाचनाची पद्धत घडविली त्याचेच वाचन दुसऱ्याने केले आणि तेच अधिकृत ठरले. या प्रसंगाचा उल्लेख पाळकीय शिक्षणाच्या इतिहासात येतो, परंतु त्यातून पर्यवेक्षणाविषयी काय शिकावे याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

१९३० च्या दशकात बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये चॅपलेन रसेल डिक्स यांनी ‘व्हर्बेटिम’, म्हणजे शब्दशः नोंद, ही पद्धत रुळवली. रुग्णाची भेट संपल्यावर पाळकाने झालेला संवाद आठवून नाटकातील संवादाप्रमाणे लिहून काढायचा आणि ती नोंद पर्यवेक्षकासमोर ठेवायची. या नावातच एक विसंगती आहे. स्मरणातून, नंतर, एकाच पक्षाने लिहिलेला संवाद शब्दशः असू शकत नाही. तो निवड, संक्षेप आणि कंसातील सूचना यांनी घडलेला असतो. किंबहुना तो एक साहित्यप्रकारच आहे. म्हणून पाळकीय पर्यवेक्षणात सर्जनशीलता अलीकडे आली, हे म्हणणे स्वीकारता येत नाही. ती आरंभापासूनच होती, फक्त पुरावा म्हणून वावरत होती.

उदाहरणादाखल एक काल्पनिक नोंद घेऊ. पाळक : ‘आज कसे वाटते?’ रुग्ण : ‘बरे आहे.’ (खिडकीकडे पाहते.) पाळक : ‘परमेश्वर आपल्याबरोबर आहे.’ रुग्ण : ‘हो.’ पारंपरिक पर्यवेक्षक येथे विचारील, की सांत्वनाची एवढी घाई का केली? प्रश्न योग्य आहे, पण त्याचा सूर परीक्षागृहातील आहे. समीक्षक वेगळीकडे पाहील. कंसातील खिडकी कोणी पाहिली? भेटीच्या वेळी ती लक्षात आली होती, की लिहिताना आठवली? भेटीच्या वेळी लक्षात आली असेल, तर पाळकाचे पुढचे वाक्य त्या नजरेला टाळण्यासाठी आले असण्याचा संभव आहे. लिहिताना आठवली असेल, तर लेखनानेच त्याला काहीतरी दाखविले. आणि शेवटचा ‘हो’ संमतीचा आहे की संभाषण संपविण्याचा, हे नोंदीवरून ठरत नाही. ते रुग्णच सांगू शकेल. चार ओळींच्या या नोंदीत निवेदक आहे, पात्र आहे, मौन आहे. नाही तो पात्राला उत्तर देण्याचा अधिकार.

ट्रॉम्सो येथील उलटापालट

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील ट्रॉम्सो शहरात मार्च १९८५ मध्ये जे घडले त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. कौटुंबिक उपचारपद्धतीत त्या काळी एकतर्फी आरशाचा वापर सर्रास होई. एक उपचारक कुटुंबाशी बोले, आरशामागील चमू ते पाहून त्याला सूचना देई. त्या दिवशी उपचारक चमूच्या सूचना घेऊन पुन्हा पुन्हा खोलीत गेला, तरी संभाषण दुःखाच्या त्याच वर्तुळात फिरत राहिले. तेव्हा मनोविकारतज्ज्ञ टॉम अँडरसन यांनी दार ठोठावून कुटुंबाला विचारले, की आमची आपसातली चर्चाच तुम्ही ऐकाल का? कुटुंबाने होकार दिला. दिवे आणि ध्वनिक्षेपक यांची दिशा बदलली, आरशामागील खोली उजळली आणि ज्यांच्याविषयी बोलले जात होते ते श्रोते झाले. चर्चा संपल्यावर दिशा पुन्हा बदलली आणि चमूच्या म्हणण्यावर बोलण्याची पाळी कुटुंबाची आली. अँडरसन यांनी १९८७ मध्ये या ‘प्रतिबिंबक चमू’विषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे आरसाही गेला आणि चमू त्याच खोलीत बसू लागला.

या प्रयोगात मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यातील स्थूल व्यवस्था. सहयोगाविषयी लिहिणारे बहुतेक लेखक वृत्तीची भाषा बोलतात : नम्रता, कुतूहल, ‘न जाणण्याची’ भूमिका. यांपैकी शेवटची संज्ञा हार्लीन अँडरसन आणि हॅरी गूलिशियन यांनी रूढ केली व ती विचारगर्भ आहे. परंतु वृत्ती दिसत नाही, ती बदलली तरी कळत नाही आणि सत्तास्थानी असलेल्या माणसाला आपण नम्र आहोत असे वाटायला फारसे कष्ट पडत नाहीत. दिव्याचे बटण मात्र दिसते. ट्रॉम्सोमध्ये सत्ता नाहीशी झाली असे नव्हे. काय बोलायचे हे चमूच ठरवीत होता. तथापि तज्ज्ञांनी कुटुंबासमोर बोलायचे म्हटल्यावर त्यांची भाषाच बदलली. आरशाआड सहज निघणारी दूषणे समोरासमोर निघेनात. ‘असे आहे’च्या जागी ‘मला असे वाटले’ आले.

वस्तू, गोष्टी आणि नायक

सर्जनशील साधनांपैकी खडे, शंख, बाहुल्या मांडून नातेसंबंध दाखविणे, चित्र काढणे, न पाठवायचे पत्र लिहिणे यांविषयी थोडक्यात एवढेच म्हणता येईल, की समुपदेशकाला ठरीव शब्दांपासून थोडे दूर नेण्यात ती उपयोगी पडतात. पर्यवेक्षक मांडलेल्या खड्यांचा अर्थ लावू लागला की मात्र ते साधन तपासणीचे होते. तेव्हा साधा प्रश्नच बरा.

अधिक विचार करण्याजोगी आहे ती कथारचना. इस्रायलमधील मूली लाहाड यांची सहा भागांची गोष्ट प्रसिद्ध आहे : नायक, त्याचे कार्य, साहाय्यक, अडथळा, त्याला तोंड देणे आणि पुढे काय होते. लोककथांच्या संरचनावादी अभ्यासातून आलेली ही चौकट संकटग्रस्त व्यक्तीची तोंड देण्याची रीत ओळखण्यासाठी उपयुक्त आहे. ही किंवा अशीच चौकट समुपदेशकाच्या हाती दिली की कथेचे केंद्र सरकते. आपल्या कामाची गोष्ट सांगताना नायक बहुधा तोच होतो. मग समुपदेशार्थीला कोणती जागा उरते? तो नायकाचे ‘कार्य’ होतो. प्रतिसाद देत नसेल तर ‘अडथळा’ होतो. समुपदेशक अशा गोष्टीने हलका होईल, पण प्रॉक्टर यांच्या तीन कार्यांपैकी विसाव्याचे कार्य तेवढे साधेल, आणि तेही तिसऱ्याच्या खर्चाने.

न्यूझीलंडमधील जॉनेला बर्ड यांनी वापरलेली रीत या दोषाला थेट भिडते. पर्यवेक्षक समुपदेशकाला समुपदेशार्थीच्या जागी बसवून त्याची मुलाखत घेतो. ‘काल तुमच्या समुपदेशकाने अमुक विचारले तेव्हा तुम्हांला काय वाटले?’ उत्तर द्यायचे ते समुपदेशार्थी होऊन. आपल्या परंपरेतील परकायाप्रवेशाची कल्पना येथे आठवणे साहजिक आहे, आणि तिच्यातला धोकाही. मी तुझ्या वतीने बोललो की तुझे बोलणे मला कळले, असा भ्रम होऊ शकतो. मराठी समीक्षेत न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली ती वाङ्मयानंदाच्या संदर्भात. रसिक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो, तरी स्वतःची जाणीव सोडीत नाही. बर्ड यांच्या पद्धतीला नेमक्या याच दुहेरी अवस्थेची गरज आहे. निर्विकल्प तादात्म्य झाले तर समुपदेशार्थीचा आवाज समुपदेशकाच्या आवाजात विरून जाईल. नुसते ताटस्थ्य राहिले तर मुलाखत नाट्यछटा होईल. म्हणून अशा मुलाखतीनंतर समुपदेशक पुढच्या भेटीत काय करतो, यावर या पद्धतीची खरी परीक्षा आहे. तो समुपदेशार्थीला ‘मला असे वाटले, ते बरोबर आहे का?’ असे विचारतो, की उत्तर मिळालेच आहे असे समजून पुढे जातो?

आपल्या नोंदवह्या

हा विषय आपल्याकडे केवळ पाळकांपुरता किंवा मानसशास्त्र विभागापुरता राहिलेला नाही. विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. त्या समुपदेशकाचे ऐकणार कोण, हा पुढचा प्रश्न. आणि त्याआधीपासून, नॅकच्या मूल्यांकनामुळे, मार्गदर्शक-विद्यार्थी योजना महाविद्यालयांत रुजली आहे. मराठीचा, वाणिज्याचा, रसायनशास्त्राचा अध्यापक वीस-पंचवीस विद्यार्थ्यांचा ‘मेंटॉर’ असतो आणि घरची अडचण, गैरहजेरीचे कारण, क्वचित याहून गंभीर काही, तो नोंदवहीत लिहितो. ही नोंदवही म्हणजे आपली शब्दशः नोंदच. फरक असा, की डिक्स यांच्या विद्यार्थ्याची नोंद निदान एक अनुभवी पाळक त्याच्याबरोबर बसून वाचीत असे. आपली नोंदवही गुणवत्ता हमी कक्षाकडे जाते, तेथे ती मोजली जाते आणि समितीच्या भेटीपर्यंत कपाटात राहते. अध्यापकाला त्या नोंदीविषयी कोणी काही विचारत नाही. विचारलेच तर रकाना रिकामा का, एवढे.

यावर उपाय म्हणून सर्जनशील कार्यशाळा भरविण्याआधी दोन गोष्टी व्यवस्थेच्या पातळीवर करता येण्याजोग्या आहेत. ज्याच्या हाती अध्यापकाचे मूल्यमापन आहे त्याच्याकडे ही चर्चा नसावी. शेजारच्या महाविद्यालयातील अनुभवी अध्यापक महिन्यातून एकदा चार-पाच मेंटॉरांबरोबर, नावे वगळून, बसू शकतो. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ट्रॉम्सोच्या खोलीत चमूचे बोलणे संपल्यावर कुटुंबाची पाळी येत असे. नोंदवहीत विद्यार्थ्याविषयी जे लिहिले जाते ते त्याला दाखवावे काय आणि त्यावर लिहायला त्याच पानावर जागा ठेवावी काय? आजच्या छापील नमुन्यांत विद्यार्थ्याच्या सहीसाठी एक चौकोन असतो. त्याच्या म्हणण्यासाठी ओळ नसते.