तीन आरसे आणि अमूर्त छायाचित्र

परावर्तनाचा धडा शिकवताना आपण मुलांकडून कॅलिडोस्कोप करून घेतो. बांगड्यांच्या तुकड्यांची नक्षी दिसली की मुले खूश होतात आणि धडा तिथेच संपतो. याच तीन आरशांनी छायाचित्रकलेत मात्र एक महत्त्वाचा प्रश्न उभा केला.

ॲल्विन लँगडन कोबर्न (१८८२–१९६६) हा अमेरिकेत जन्मलेला छायाचित्रकार. चित्रकार वस्तूचे ओळखीचे रूप सोडू शकतो, मग कॅमेऱ्याने का सोडू नये, असे त्याचे म्हणणे होते. त्याने तीन आरसे त्रिकोणात बांधले आणि त्यांतून लाकडाच्या व स्फटिकांच्या तुकड्यांची छायाचित्रे घेतली. ही 'व्हॉर्टोग्राफ' फेब्रुवारी १९१७ मध्ये लंडनच्या कॅमेरा क्लबात मांडली गेली. डेव्हिड ब्रूस्टरने कॅलिडोस्कोपचे पेटंट घेतले त्याला तेव्हा शंभर वर्षे होत होती.

मग कोबर्नने नवे काय केले? ६० अंशांत ठेवलेले दोन आरसे एका वस्तूच्या पाच प्रतिमा देतात. आत काहीही टाका, नक्षी सममितच येणार. तिचे श्रेय कोनाला, पाहणाऱ्याला नाही. कोबर्नच्या चित्रांत अशी फुले नाहीत, धारदार तुकडे आहेत. नक्षी कुठे तोडायची हे त्याने ठरवले. कवी एझरा पाउंड याने प्रदर्शनाच्या पुस्तिकेत ही कला चित्रकलेच्या खाली ठेवली, कारण तिच्यात फक्त डोळा आहे, हात नाही. आम्हाला हे पटत नाही. आरसे जुळवणे, कलवणे, वस्तू सरकवणे हे हाताचेच काम आहे.

कोबर्नचा दावा मात्र एका जागी लंगडा पडतो. ही चित्रे वस्तूपासून मुक्त नाहीत. प्रत्येक तुकड्यातला प्रकाश खऱ्या वस्तूवरूनच आला आहे. फक्त तिची ओळख लपली आहे.

शिक्षकांसाठी खरी संधी इथेच आहे, कारण लपलेली ओळख शोधता येते. वांगणी आणि नेरळ यांच्या मधल्या शेलूसारख्या गावातही काचवाल्याकडून तीन पट्ट्या कापून घेता येतील. कडांना चिकटपट्टी लावावी, समोर भाताची लोंबी ठेवावी आणि फोनने छायाचित्र घ्यावे. मग मुलांना विचारावे: कोणता तुकडा थेट दिसतो, कोणता परावर्तित? प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश कमी होतो, म्हणून अधिक वेळा परावर्तित झालेली प्रतिमा अधिक मंद दिसते. प्रकाश लोंबीपासून आरशापर्यंत ३० सेंमी आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत ५० सेंमी आला, तर कॅमेरा आरशाच्या पृष्ठभागावर नव्हे, ८० सेंमीवर जुळवावा लागतो.

सुंदर चित्र निघाले म्हणजे प्रयोग झाला, असे नाही. चित्रातल्या एका तुकड्याचा प्रकाशमार्ग मुलाला कागदावर काढता आला, तर प्रयोग झाला असे आम्ही म्हणू.