फ्लेमिंगोच्या फोटोत कोण नसतं?

परदेशात जंगल बघून आलेल्या माणसाचा मराठी लेख आता इतका ओळखीचा झालाय की त्याचा साचा डोळे मिटून सांगता येईल. पहाटेची जीप, थर्मासमधली कॉफी, लवकर उठावं लागल्याची लाडिक कुरकुर. मग सिंह. मग शब्द अपुरे पडल्याची कबुली, आणि त्यानंतरही पुढचे सहाशे शब्द. गाइडचं नाव एकदाच येतं, तो हसतमुख असतो, पुन्हा कधी भेटत नाही. शेवटी मुंबईचा विमानतळ, ट्रॅफिक आणि ‘पुन्हा त्याच काँक्रीटच्या जंगलात’ परतल्याचा सुस्कारा. दिवाळी अंकात हा लेख चार पानांचा असतो, इन्स्टावर चार परिच्छेदांचा. घडण तीच.

मसाई मारा जरूर बघावं. जमलं तर कोस्टा रिकाही बघावं. तिकिटाच्या पैशांतून तिथली उद्यानं चालतात, हेही खरं. माझा आक्षेप त्या शेवटच्या सुस्काऱ्याला आहे. ‘काँक्रीटचं जंगल’ म्हटलं की लेखक एका कामातून सुटतो. इथे बघण्यासारखं काही नाही, हे त्यानं न बघताच ठरवलेलं असतं. आणि इथे बघायची सवय नसलेली नजर तिथेही किती बघत असेल, असा प्रश्न पडतो. म्हणून या लेखनप्रकाराची परीक्षा मुंबईतच घ्यावी, आणि मुंबईतही माहुलला. कारण ज्या पक्ष्यासाठी लोक केनियातल्या नाकुरू सरोवराला जातात, तो लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, माहुलच्या चिखलावरही उतरतो.

आधी नाकुरूचं बघू. प्रवासलेखांत नाकुरू म्हणजे गुलाबी रेघ. त्या सरोवराला लागून त्याच नावाचं मोठं शहर आहे, हे फार कमी लेखांत येतं. शहराचं सांडपाणी सरोवरात उतरतं, ही तिथली जुनी तक्रार आहे. गेल्या दशकात सरोवराचं पाणी चढलं, आणि बरेच फ्लेमिंगो बोगोरियासारख्या दुसऱ्या सरोवरांकडे वळले. म्हणजे नाकुरूलाही शहर आहे, गटार आहे, बिघडलेलं गणित आहे. लेखात मात्र सरोवर आणि पक्षी एवढंच उरतं. बाकीचं कापलं जातं. फोनमध्ये फोटो क्रॉप करताना आपण जे बोटांनी करतो, तेच इथे वाक्यांनी केलेलं असतं.

आता माहुल. चेंबूरच्या पलीकडे, ठाणे खाडीच्या काठावरचं हे कोळ्यांचं जुनं गाव. इथे १९५४ आणि १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. आज ते हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमचे आहेत. मग वीजकेंद्र आलं, खताचा कारखाना आला, रसायनांच्या टाक्या आल्या. समोर शिवडी ते माहुलचा चिखलपट्टा. नव्वदच्या दशकापासून तिथे फ्लेमिंगो मोठ्या संख्येनं दिसू लागले, आणि आता हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मुंबईच्या खाड्यांत मिळून त्यांची संख्या लाखावर जाते. ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. लहान रोहिताचा गुलाबी रंग तो खातो त्या सूक्ष्म शेवाळातून येतो. खाडीत सांडपाणी वाढलं, त्यामुळे शेवाळ वाढलं आणि म्हणून पक्षी वाढले असावेत, असं काही अभ्यासक मांडतात. तसं असेल तर त्या गुलाबी रंगात आपल्या मोरीच्या पाण्याचाही थोडा वाटा आहे. हे वाक्य कुठल्याही ट्रॅव्हल ब्रोशरमध्ये बसत नाही. चांगल्या निसर्गलेखात मात्र ते बसायला हवं.

तुम्ही म्हणाल, माहुलच्या फोटोंत कारखाने तर दिसतात. दिसतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. शिवडीच्या धक्क्यावरून पूर्वेकडे कॅमेरा धरला की पुढे गुलाबी पक्षी आणि मागे माहुल-तुर्भ्याच्या बाजूची राखाडी धुरांडी. हा फोटो हजारो वेळा काढला गेलाय. पहिल्यांदा काढणाऱ्यानं त्यात काही सांगितलं असेल. आता ते एक सोयीचं नेपथ्य झालंय. राखाडीवर गुलाबी उठून दिसतं, एवढंच. खाली कॅप्शन येते: निसर्ग जिद्दी असतो. फोटोत पक्षी आहे, कारखाना आहे, आणि दोघांच्या मधे राहणारा माणूस नाही.

तो माणूस काल्पनिक नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्या गेल्या, आणि तिथली हजारो कुटुंबं २०१७ पासून माहुलच्या प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या ७२ इमारतींच्या वसाहतीत पाठवली गेली. त्याआधीच, माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांच्या तक्रारीवर केईएम रुग्णालयानं सर्वेक्षण केलं होतं. त्यात ६७.१ टक्के लोकांनी महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं, ८६.६ टक्के लोकांनी डोळे चुरचुरतात असं, आणि ८४.५ टक्के लोकांनी छातीत कोंडल्यासारखं होतं असं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ च्या आदेशात इथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. तरीही माणसं तिथे पाठवली गेली. लोकांनी विद्याविहारला जलवाहिनीवरच ठाण मांडून आंदोलन केलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं पर्यायी घर देता येत नसेल तर कुटुंबाला महिना १५,००० रुपये भाडं द्या असं सांगितलं.

पक्षी निरीक्षणाच्या लेखात याचा काय संबंध, असं विचारणारे भेटतील. संबंध साधा आहे. एकाच खाडीवर, एकाच हवेखाली, दोन स्थलांतरं येऊन थांबली आहेत. एकाला आपण पाहुणा म्हणतो आणि त्याची गणना करतो. दुसऱ्याला प्रकल्पग्रस्त म्हणतो. निसर्गलेखकानं मोर्चा काढावा असं माझं म्हणणं नाही. त्यानं समोरचं सगळं बघावं, एवढंच.

सगळं बघणं म्हणजे काय, याचा एक नमुना निसर्गप्रेमींच्याच एका छंदात सापडतो. तो म्हणजे रात्री पतंग बघणं. पतंग म्हणजे मॉथ, मांजावाला नव्हे. परदेशी सहलींच्या कार्यक्रमांत आता हा भाग हमखास असतो: जंगलातल्या लॉजच्या मागे पांढरी चादर ताणायची, समोर प्रखर दिवा लावायचा आणि वाट बघायची. इंग्लंडमध्ये यासाठी पेटीसारखे सापळे वापरतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवतात, पतंग त्यांच्या खाचांत बसून राहतात, सकाळी मोजून झाले की झुडपांत सोडून देतात.

सफारी आणि ही चादर यांत मोठा फरक आहे. जीपमध्ये तुम्ही वाघ किंवा सिंह मागता. चादरीवर काही मागता येत नाही. जे यायचं ते येतं: हातभर नाव असलेला देखणा हॉकमॉथ येतो, तांदळाएवढा करडा कुणीतरी येतो, त्याच्यासोबत ढेकण्या, भुंगे, डास आणि या सगळ्यांना खायला टपलेली पाल. भारतात फुलपाखरांच्या सुमारे १,३०० जाती आहेत, पतंगांच्या १०,००० हून जास्त. त्यातल्या बहुतेकांना मराठी नावही नाही. चादरीसमोर बसलेल्या माणसाला आपलं अज्ञान मोजता येतं. चादरीला क्रॉप करता येत नाही.

पतंगाबद्दल आपल्या भाषेत एक जुना गैरसमजही आहे. तो ज्योतीवर प्रेम करतो आणि जळून जातो, हे आपण कवितेपासून सिनेमाच्या गाण्यांपर्यंत ऐकत आलोय. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी या उड्डाणांचं चित्रण केलं. दिसलं ते असं: उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण लाखो वर्षं रात्री सगळ्यात उजळ गोष्ट आकाशच होती. दिव्याला तो आकाश समजतो, पाठ तिकडे वळवतो आणि गरगरत तिथेच अडकतो. प्रेम वगैरे काही नाही, दिशाभूल आहे. सुंदर प्रतिमा आणि खरं निरीक्षण यांत निवड करायची वेळ आली तर निसर्गलेखकानं काय निवडावं, याचं हे बरं उदाहरण आहे. आणि चादरवाल्यांनाही त्यात धडा आहे: आपला छंद दुसऱ्याच्या दिशाभुलीवर चालतो, म्हणून दिवा वेळेत मालवावा. नाहीतर पहाटे दयाळ आणि कोतवाल येऊन चादरीवरचा फराळ उरकतात.

घराजवळचं बघण्याची परंपरा आपल्याकडे नाही असं नाही. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन होता. साताऱ्यात जन्मलेला, कस्टम्स आणि मीठ खात्यातला अधिकारी. त्याचं ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक बंगल्यातल्या आणि अंगणातल्या उंदीर-मुंग्या-कावळ्यांवर आहे. परक्या देशात असूनही तो बिबट्याच्या मागे धावला नाही, हे त्याचं मोठेपण. पण याच लेखकानं ‘बिहाइंड द बंगलो’मध्ये घरातल्या नोकरांकडेही त्याच गमतीच्या चष्म्यातून बघितलं. मुंगीला जी दृष्टी शोभते ती माणसाला लावली की विनोद खुजा होतो. म्हणजे जवळचं बघणं पुरेसं नाही. कुणाला माणूस म्हणून बघतोय, तेही तपासावं लागतं.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ चं, माहुलचे कारखाने सुरू झाले त्याच सुमाराचं. मुंबईत राहणाऱ्या एका विदुषीनं बारा मराठी महिन्यांवर लिहिलेले हे निबंध. त्यासाठी तिला व्हिसा लागला नाही, रोजचं बघणं लागलं. आणि मारुती चितमपल्ली. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या या लेखकाचं सर्वात टिकाऊ काम मला वाटतं शब्दांचं आहे. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ म्हणणारं मराठी त्यांनी रुजवलं. जंगलात राहणाऱ्या लोकांकडून ते शिकले आणि ते ऋण लिहून ठेवलं. आपल्या सफारीलेखातला हसतमुख गाइड आणि चितमपल्लींचे जंगलातले सोबती यांत जो फरक आहे, तोच पर्यटन आणि साहित्य यांतला फरक.

मग माहुलवरचा लेख कसा असेल? त्यात कोळ्यांचे शब्द असतील: उधाण आणि भांग, निवटी आणि चिंबोरी. फ्लेमिंगो काठाशी केव्हा येतील हे भरतीवर ठरतं, आणि भरतीचा हिशेब कॅमेरावाल्याआधी होडीवाल्याला कळतो. त्यात तिवराची झाडं असतील. मुंबईच्या खाड्यांत पावसाळ्याच्या शेवटी तिवरं अचानक करपल्यासारखी तपकिरी दिसतात. लोकांना वाटतं विष पडलं. बऱ्याचदा ते एका पतंगाच्या अळ्यांचं काम असतं, सागाची पानं फस्त करणारा तोच पतंग. काही आठवड्यांत झाडांना नवी पालवी फुटते. आपल्या दारातली एवढी मोठी घटना मराठी ललित लेखनात कितीशी आली?

आणि त्यात हवा असेल. इंग्लंडच्या कारखानदार शहरांतले हौशी लोक आपल्याच परसात पतंग पकडत होते, म्हणून जगाला पेपर्ड मॉथची गोष्ट कळली. १८४८ मध्ये मँचेस्टरला या फिकट पतंगाचा काळा प्रकार नोंदला गेला. शतक संपता संपता तिथले जवळपास सगळे काळे होते, कारण काजळीनं काळ्या पडलेल्या झाडांवर फिकट पतंग पक्ष्यांना लगेच दिसे. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर हवा सुधारत गेली, तसे फिकट पुन्हा वाढले. उत्क्रांतीचा हा गाजलेला पुरावा कुणी सुट्टीत परदेशी जाऊन आणला नाही. तो धुराड्याखाली राहणाऱ्यांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींतून मिळाला. दर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह साजरा होतो, भारतातही. माहुलच्या एखाद्या गच्चीवर चादर लागली, तर तिच्यावर काय येतं आणि काय येत नाही, दोन्ही लिहिण्यासारखं असेल.

२० मे २०२४ च्या रात्री दुबईहून मुंबईला येणारं विमान उतरताना घाटकोपरजवळ फ्लेमिंगोंच्या थव्यावर आदळलं. प्रवासी सुखरूप उतरले. दुसऱ्या दिवसापर्यंत घाटकोपरच्या वस्तीत जवळपास ४० पक्षी मेलेले मिळाले. त्या विमानात कदाचित कुणी आफ्रिकेचं जंगल बघून, दुबईमार्गे परतणारंही असेल. फोनमध्ये नाकुरूचे फोटो असतील. सफारीलेख जिथे संपतो, त्या विमानतळाच्या अलीकडेच हे घडलं. पुढच्या वेळी असा लेख वाचताना शेवटचा परिच्छेद आधी बघा. मुंबईत उतरल्यावर लेखक बघायचं थांबला असेल, तर आधीची चार पानंही त्यानं कितपत बघून लिहिली आहेत, याची शंका घ्यायला हरकत नाही.