मण, गॅलन आणि लिटर

काना येथील लग्नाच्या कथेत सहा दगडी रांजण आहेत. मूळ ग्रीक शुभवर्तमानात त्यांचे माप 'मेत्रेतेस' या एककात दिले आहे; एक मेत्रेतेस म्हणजे सुमारे ३९ लिटर. बायबल सोसायटीच्या मराठी भाषांतरात त्या जागी 'मण' आला. ४० शेरांचा मण ३७.३२ किलोचा, म्हणजे पाण्याचे सुमारे ३७ लिटर. शब्द घरचा आणि मापही जवळजवळ अचूक, असा योग भाषांतरात क्वचितच जुळतो. किंग जेम्स भाषांतरात येथे 'फर्किन' आहे, पुढील कित्येक इंग्रजी आवृत्त्यांत वीस-तीस 'गॅलन'. कथेला यांतले कोणतेही माप चालते. लग्नघराला पुरून उरेल इतका द्राक्षारस, ही विपुलता वाचकाच्या मनात उतरली की मापाचे काम संपले.

नाताळपूर्वी आपल्या घरांतून ज्या वह्या बाहेर निघतात, त्यांतील द्राक्षारसाच्या कृतींना मात्र ही सवलत देता येत नाही. कृती हाही एक गद्यप्रकारच आहे आणि त्याचीही समीक्षा व्हावयास हवी. त्यात महत्त्व प्रमाणाला असते. एखादी कृती इंग्रजी पुस्तकातून उतरलेली, एखादी परदेशस्थ नातलगाच्या पत्रातून आलेली. परिणामी एकाच पानावर द्राक्षे किलोत, साखर पौंडात, पाणी बाटलीत आणि यीस्ट चमच्यात. बाटली तरी कोणती? बिअरची ६५० मिलिलिटरची की वाईनची ७५० मिलिलिटरची?

गॅलन तर याहून फसवा. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा. समजा, तयार होणाऱ्या एक गॅलन रसात ३ पौंड साखर सांगितली आहे. ब्रिटिश मापाने ती लिटरमागे ३०० ग्रॅम होते, अमेरिकन मापाने सुमारे ३६०. साधारण १७ ग्रॅम साखर आंबून लिटरभर रसात १ टक्का मद्यार्क तयार होतो. ३०० ग्रॅमलाच यीस्टची दमछाक होते. त्यापुढची साखर न आंबता तशीच राहते आणि द्राक्षारसाचा पाक होतो. दोष गृहिणीच्या हाताला दिला जातो. खरा दोष कृती लिहिणाऱ्याच्या लेखणीचा असतो.

म्हणून कृतीत ग्रॅम आणि लिटरच असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. १९५६ चा कायदा आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेली दशमान वजने आपल्या हाडीमासी खिळली आहेत. आसगावच्या बाजूला धान क्विंटलने विकले जाते, तरी पुष्कळ शेतकरी पीक किती झाले ते खंडीत सांगतात. त्यात विसंगती नाही. गप्पांतला अंदाज आणि काट्यावरचा हिशेब यांची भाषा निराळी असते.

मात्र रूपांतराचा अतिउत्साहही नको. 'एक पौंड मनुका' या जागी '४५३.६ ग्रॅम' लिहिणारा काटेकोर दिसतो, पण मूळ लिहिणारीला मूठभर कमीअधिक मान्यच होते. तेथे '४५० ग्रॅम' हेच प्रामाणिक भाषांतर. हायड्रोमीटरला हा प्रश्नच पडत नाही. त्यावरचा १.०९० हा आकडा पाण्याच्या तुलनेतील घनता सांगतो. तो लंडनला तोच आणि भंडाऱ्यालाही तोच.

राहता राहिली एक ओळ, जी मी पाहिलेल्या एकाही वहीत नाही: परवान्याशिवाय मद्य तयार करणे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे, मग माप पौंडाचे असो वा किलोचे.