'कॅरेक्टर' म्हणजे अक्षर नव्हे : स्ट्रिंगच्या विभाजनाचा देवनागरी संदर्भात विचार

प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अध्यापनात 'स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची क्रमवार मालिका' अशी व्याख्या सर्रास दिली जाते आणि उदाहरणादाखल इंग्रजी शब्द घेतला जातो. इंग्रजीपुरते हे खपून जाते. देवनागरीत मात्र ही व्याख्या पहिल्याच जोडाक्षराला अडखळते.

'क्षत्रिय' हा शब्द पायथॉन भाषेतील 'लिस्ट' या फलनाकडे सोपविल्यास क, हलन्तचिन्ह, ष, त, हलन्तचिन्ह, र, वेलांटी आणि य असे 8 घटक हाती येतात. मराठी वाचकाच्या लेखी अक्षरे तीनच. पायथॉन येथे युनिकोडचे संकेतांक मोजते, अक्षरे नव्हे. यात युनिकोडचा दोष नाही. प्रत्येक जोडाक्षराला स्वतंत्र संकेतांक देणे अव्यवहार्यच ठरले असते. चिन्हे सुटी ठेवल्यामुळे देवनागरीचा मूळ विभाग 128 स्थानांत मावला. दोष आहे तो 'कॅरेक्टर' या संज्ञेचे 'अक्षर' असे भाषांतर करून निश्चिंत होणाऱ्या अध्यापनाचा.

या गैरसमजाची किंमत विद्यार्थी मोजतो. शब्द उलटसुलट सारखाच आहे का, हे तपासण्याचा प्रोग्रॅम प्रात्यक्षिकात नेहमीचा. तो 'सरस' या शब्दाला होकार देतो. 'नवजीवन' मात्र उलटवून 'नवीजवन' करतो आणि नकार देतो. तर्क निर्दोष, उत्तर चुकीचे!

यावर उपाय म्हणून युनिकोडच्या मजकूर-विभाजन नियमांकडे बोट दाखविले जाते. ते योग्यच, पण पूर्वीच्या नियमांनुसार 'क्षत्रिय'चे क्, ष, त्, रि, य असे पाच तुकडे पडत. जोडाक्षर अखंड राखणारा नियम 2023 मधील 15.1 या आवृत्तीत आला, तेव्हा कुठे तीन हे उत्तर मिळू लागले. छंदाच्या अभ्यासकाचे समाधान त्यानेही होत नाही. 'अर्थात्' या शब्दातील त् हा नियम वेगळा मोजतो. वृत्ताच्या हिशेबात तेथे अक्षरे दोनच.

मराठीची खास अडचण पुढेच आहे. 'दऱ्या' हा शब्द ऱ या स्वतंत्र संकेतांकाने लिहिल्यास घटक 5 होतात. साधा र, हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह योजल्यास 6. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी, तरीही थेट तुलनेत संगणक त्यांना भिन्न ठरवतो. न दिसणारे ते जोडचिन्ह निरुपयोगी समजून प्रोग्रॅमने गाळले, तर डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो.