पाचारणाच्या कथा आणि गाळलेली वाक्ये

गेल्या पावसाळ्यात सावेडीतील एका घरी आम्ही घरभेटीस गेलो होतो. त्या घरची थोरली मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि धर्मभगिनी व्हावे हा विचार दोन वर्षांपासून तिच्या मनात घोळत आहे. वडिलांनी कपाटातून एक जुनी स्मरणिका काढून आमच्यापुढे ठेवली. तीत एका धर्मभगिनीने आपल्या पाचारणाची हकिकत लिहिली होती. ते म्हणाले, "फादर, ह्या सिस्टरना मिस्साच्या वेळी एकदम हाक ऐकू आली. आमच्या पोरीला तसं काहीच झालं नाही. तिला नुसतं वाटतं. नुसतं वाटणं म्हणजे पाचारण असतं का?" आईचा प्रश्न निराळा होता. "आणि नाही जमलं, परत आली, तर?" मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती.

त्या घरी आम्ही काय उत्तर दिले ते पुढे सांगू. परंतु परतताना आमच्या ध्यानात आले की, या प्रश्नाचे मूळ काही अंशी आपल्या लेखनात आहे. १९०३ साली याच नगर जिल्ह्यात, केंदळ येथे, फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केले. तेव्हापासून मराठी कॅथोलिक कुटुंबे आपल्या श्रद्धेविषयी छापील पानांतून वाचत आली आहेत. त्या पानांवर जे येते ते घरोघरी प्रमाण मानले जाते. म्हणून पाचारणाच्या कथांकडे केवळ भक्तिभावाने पाहून भागणार नाही, त्यांचे साहित्य म्हणूनही परीक्षण झाले पाहिजे.

या कथा बहुधा रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत किंवा पाचारण रविवारच्या निमित्ताने छापल्या जातात. त्यांचे गुण आम्ही नाकारीत नाही. आजीची जपमाळ, गावातले लहानसे मंदिर, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा पांढरा झगा हे सारे त्यांत मायेने येते. लिहिणारीची कृतज्ञता खरी असते. दोष आहे तो रचनेचा. बालपण, मग एकाएकी हाक, मग होकार, आणि लगेच पंचवीस वर्षांची सेवा! हाक आणि होकार यांच्यामधला काळ या कथांत जवळजवळ नसतोच. वास्तविक विवेक व्हायचा तो त्याच काळात.

या लेखनप्रकारातील श्रेष्ठ कृती कोणत्या वाटेने जातात ते पाहावे. आविलाच्या संत तेरेजाने आपले आत्मचरित्र सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात लिहिले. १५३५ साली, विशीत असताना, ती मठात गेली. त्या निर्णयाविषयी ती जे सांगते ते आपल्या एखाद्या स्मरणिकेत छापले गेले असते की नाही, याची आम्हांला शंका आहे. ती म्हणते की, मठाकडे तिला ओढले ते प्रेमापेक्षा भीतीने. सुमारे तीन महिने ती स्वतःशी झगडत होती. वडिलांनी नकार दिला, आपल्या मृत्यूनंतर हवे ते कर असे सांगितले. घर सोडतानाचे दुःख तर तिने मरणयातनांच्या तोडीचे म्हणून वर्णिले आहे. आणि तरीही वस्त्रग्रहणानंतर लाभलेला आनंद ती तितक्याच स्पष्टपणे नोंदवते. आधीचे भय तिने झाकले नाही, म्हणून नंतरच्या आनंदावर आपला विश्वास बसतो.

लिझ्यूच्या छोट्या तेरेजाचे उदाहरण याच्या उलट वाटेल, कारण तिच्या मनात लहानपणापासून निश्चय होता. पण तिचे आत्मकथन नीट वाचले तर तीही नकारांची मालिका आहे. वडिलांनी आशीर्वाद दिला, परंतु मामाने आधी अडवले. मठाच्या वरिष्ठ धर्मगुरूंनी वय कमी म्हणून नकार दिला. महागुरुस्वामींनी निर्णय लांबणीवर टाकला. नोव्हेंबर १८८७ मध्ये रोम येथे तिने परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांच्या पायाशी विनंती केली, आणि त्यांनीही तिला वरिष्ठांच्या निर्णयाकडेच परत पाठवले. ९ एप्रिल १८८८ रोजी, पंधराव्या वर्षी, तिला प्रवेश मिळाला. सप्टेंबर १८९० मध्ये व्रतग्रहणाच्या आदल्या रात्री तिला वाटले की आपल्याला पाचारणच नाही, आपण साऱ्यांना फसवीत आहोत. तिने ते तात्काळ आपल्या गुरुभगिनीला सांगितले आणि शंका विरली. ही रात्र तिने स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे १८९८ साली तिचे पुस्तक छापताना तिच्या बहिणीने मजकुरात हजारो फेरफार केले. तिने लिहिले तसे मूळ हस्तलिखित वाचकांना १९५६ साली मिळाले. संतांचे लेखनही प्रेमाच्या माणसांकडून असे गुळगुळीत होते!

मराठीत असे प्रांजळ लेखन नाही काय? आहे, आणि ते आपल्या नगरशी निगडित आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही प्रॉटेस्टंट घरातील आणि संसारी स्त्रीची कथा आहे. तरी हाकेचे सत्य कसे लिहावे याचा तो मराठीतील वस्तुपाठ होय. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षे त्यांनी एका ओळीत उरकली नाहीत. संताप, रडणे, ताटातूट, सोवळ्याओवळ्याचा पीळ आणि स्वतःवरचे हसू या सर्वांसह ती वर्षे त्यांनी वाचकांपुढे मांडली. त्यामुळेच शेवटचा होकार त्यांचा स्वतःचा वाटतो.

ख्रिस्तसभेची शिकवणही हेच सांगते. संत इग्नासने 'आध्यात्मिक साधने'त निर्णयाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. पहिलीत शंकेला जागाच उरत नाही. दुसरीत समाधान आणि उद्विग्नता यांची भरती-ओहोटी पारखावी लागते. तिसरीत मन शांत असते आणि बुद्धीने साधकबाधक तोलायचे असते. तिन्ही मार्ग त्याने वैध मानले आहेत. आपल्या स्मरणिकांना मात्र फक्त पहिला ठाऊक आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली एखाद्या स्त्रीला बळजबरीने मठात घालणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा सांगितली, आणि न्याय्य कारणाविना तिला अडवणाऱ्यासही तीच! १९८३ च्या धर्मसंहितेनुसार सतरा वर्षे पूर्ण होण्याआधी नवशिक्षण सुरू करता येत नाही, ते किमान बारा महिन्यांचे असावे लागते, आणि त्या काळात मुलीला मोकळेपणी परत येता येते. पहिली व्रतेही ठरावीक मुदतीची असतात. परत येणे ही नामुष्की नव्हे. ख्रिस्तसभेने ती वाट जाणूनबुजून उघडी ठेवली आहे.

हेच आम्ही त्या घरी आमच्या शब्दांत सांगितले. मुलीला एवढेच विचारले की, हा विचार मनात असताना प्रार्थनेत, अभ्यासात, घरच्या कामात तुझे मन कसे असते? ती म्हणाली, "शांत असतं, फादर. भीती वाटते, पण शांत असतं." यावरून निर्णय करण्याची आम्ही घाई केली नाही, तिनेही करू नये.

आता एक कबुली. वडिलांनी दाखवलेल्या स्मरणिकेच्या संपादनात आमचा हात होता. त्या भगिनीच्या मूळ हस्तलिखितात चार वाक्ये होती. मठात आल्यावर आपण आठ दिवस घरच्या आठवणीने रडलो, पेटी भरून ठेवली, आणि एका वृद्ध भगिनीने काही न बोलता शेजारी बसून शेंगा सोलायला दिल्या, असे तिने लिहिले होते. सोहळ्याला शोभणार नाही म्हणून ती वाक्ये आम्ही गाळली. त्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना नेमकी तीच हवी होती. त्या दिवशी आम्ही त्यांना ती आठवणीतून सांगितली.

बालक शमुवेलाला हाक आली तेव्हा ती त्याला एलीची वाटली. तीनदा तो चुकीच्या बिछान्याशी धावला. पवित्र लेखकाने त्या तीनही फेऱ्या लिहून ठेवल्या आहेत. आपल्या भगिनींना आमची विनंती आहे की त्यांनी आपल्या फेऱ्या लिहाव्यात, आणि संपादकांनी त्या छापाव्यात.